ऑपरेशनच्या टेबलावरची होडी

बोदवड, जि. जळगाव
दि. ४ जून २०२४

ति. सुनंदाआक्कास,
मोतीलालचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. मोबाईलवर मी नुसता अंगठा पाठवतो म्हणून तू रागावलीस, ते बरोबरच आहे. पण फोन कानाला लावला की कानातलं मशीन शिट्टी मारतं आणि समोरचा माणूस टर्बाईनच्या पलीकडून बोलल्यासारखा वाटतो. दीपनगरच्या वीजकेंद्रात उभी नोकरी त्या टर्बाईनशेजारी गेली, कान एवढे राहिले हेच पुष्कळ. तेव्हा पत्रच बरं.

बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम चांगला झाला. विहारासमोरच्या अंगणात यंदा शहाबादी फरशी बसवली आहे. मंडपाखाली बायका आणि पाहुणे, जनरेटर मंडपाबाहेर उन्हात. वीज जाईल, जनरेटरपाशी कुणी जाणतं माणूस हवं, असं पोरांचं म्हणणं पडलं, आणि गावात या कामातलं जाणतं माणूस म्हणजे मी. चपला पायरीशी काढलेल्या होत्या. वंदना चालू असताना चपला घालून उभं राहणं बरं दिसत नाही, म्हणून अनवाणीच थांबलो. पाहुण्यांचं भाषण लांबलं. जनरेटर मात्र शेवटपर्यंत नीट चालला, व्होल्टेज एकदाही पडलं नाही.

घरी येऊन पाय धुतले तेव्हा मोरीतलं पाणी लाल दिसलं. बघितलं तर डाव्या तळव्याची कातडी सुटून आली होती. फरशी तापली असणार. मला काही कळलं नाही, साखरेमुळे पाय कधीचेच बधिर झाले आहेत. हळद लावली आहे. दुखत नाही, तेव्हा काळजीचं कारण नाही.

बाकी ठीक. जेवणाचा डबा येतो. आकाशचा रविवारी पुण्याहून फोन येतो, मी ठीक म्हणतो, तोही ठीक म्हणतो. पंख्याचं बेअरिंग बदललं. दिवस जातात.

दाजींना जयभीम सांग. लोभ आहे तेवढा राहू दे, कमी करू नकोस.

तुझा
मोतीलाल


देवपूर, धुळे
दि. ९ जून २०२४

चि. मोतीलाल यास,
आक्काचे आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मी दाजींना वाचून दाखवलं. दुखत नाही तेव्हा काळजीचं कारण नाही, या वाक्यापाशी त्यांनी मला थांबवलं. पक्षाघातापासून त्यांचं तोंड अर्धंच हलतं, पण त्या अर्ध्या तोंडानेही ‘येडा शे हाऊ’ एवढं स्पष्ट म्हणाले. मीही तेच म्हणते, वेडा आहेस. अरे, दुखत नाही हेच तर काळजीचं कारण. एवढी मोठी यंत्रं चालवलीस आणि स्वतःच्या तळव्याला भाजलं ते तुला मोरीतल्या पाण्याने सांगावं लागलं.

कोकिळा होती तेव्हा रोज रात्री तुझे दोन्ही पाय मांडीवर घेऊन बॅटरीच्या उजेडात तळवे बघायची. मी तुमच्याकडे आले होते तेव्हा डोळ्यांनी पाहिलं आहे. तू पेपर वाचत बसायचास आणि ती बोटांच्या बेचक्यांतून कापूस फिरवायची. दिवाळीनंतर ती तापाचं निमित्त होऊन गेली आणि तेव्हापासून तुझे तळवे कुणी पाहिलेले नाहीत. तूही नाहीस. बायको गेलेल्या माणसाने स्वतःची बायको स्वतः व्हावं लागतं, मोत्या. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही.

आणखी एक. तुझ्या पत्रात जनरेटर येतो, पंखा येतो, डबा येतो. कोकिळेचं नाव येत नाही. मी लिहिलं तर तू उत्तरात तेवढंच गाळतोस. बरं, गाळ. पण हे गाळू नकोस: उद्याच्या उद्या जळगावला जा आणि वृषालीला पाय दाखव. तुझी भाची त्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची सिस्टर आहे ती काय नुसती आम्ही कौतुक करावं म्हणून नाही.

शेजारचा बन्सीलाल आता धुळे-जळगाव गाडीवर कंडक्टर आहे. त्याच्याकडे वृषालीपाशी द्यायला ज्वारीचे बिबडे दिले आहेत, पापडासारखे भाजून खा, तळून नको. यापुढे पत्रंही त्याच्याकडेच देत जा, पोस्टाच्या भरवशावर राहू नकोस.

माझी माया तुला ठाऊक आहे, तिला कामाला लावू नकोस.

तुझी
आक्का


जळगाव
दि. १७ जून २०२४

ति. आक्कास,
सविनय जयभीम. वि. वि.

हॉस्पिटलातून लिहितो आहे. कागद वृषालीने दिला.

पायाची दोन बोटं काळी पडली आहेत आणि वास येतो. सर्जन म्हणाले, पुढचा अर्धा पाय काढावा लागेल. आत्ता काढला तर टाच राहील, खास बूट घालून चालता येईल. थांबलो तर गुडघ्याखाली कापावं लागेल, आणि त्याहून थांबलो तर विष रक्तात जाईल. मी म्हटलं, काढा. आकाश येऊन सही करून गेला, त्याला रजा कमी होती. पोरगा खाली मान घालून उभा होता, मला वाटलं आपण त्याच्याशी काही बोलावं, पण काय ते सुचलं नाही.

माझं हृदय कमजोर आहे म्हणून पूर्ण भूल देत नाहीत, झोपेचं औषधही देत नाहीत. कमरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर करतात, माणूस जागाच असतो. मला चाललं असतं. पण दोनदा टेबलावर घेतलं आणि दोन्ही वेळा इंजेक्शनच्या आधीच रक्तदाब दोनशेच्या वर गेला, ठोके चुकायला लागले, आणि मला परत वॉर्डात आणलं. भूल देणाऱ्या डॉ. ज्योत्स्ना मॅडम भल्या आहेत. काका घाबरू नका म्हणाल्या. मी म्हटलं, घाबरलेलो नाही. त्यांनी मॉनिटरकडे बोट केलं.

आक्का, मला खरंच भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. हल्ली कशाचंच काही वाटत नाही. डब्यात काय होतं हे जेवून झाल्यावर आठवत नाही. पाय जाणार म्हणाले तेव्हा गावातला दिवा गेला म्हणावं तेवढंच वाटलं. पण मॉनिटर म्हणतो की हा माणूस घाबरला आहे. माणूस खरा की मीटर? मी तरी आयुष्यभर मीटरच खरा धरला.

आता फार तर आठ दिवस थांबता येईल म्हणतात. तोवर रक्तदाब टेबलावर स्थिर राहिला नाही तर पायही जाईल आणि मीही. हे त्यांनी मला कागदावर लिहून दाखवलं, कारण मला ऐकू आलं नव्हतं.

बिबडे वॉर्डात वाटले. पलीकडच्या खाटेवर दिवालीबाई म्हणून सातपुड्याच्या पायथ्याच्या एक आजीबाई आहेत, मांडीचं हाड मोडून आल्या आहेत. त्यांना फार आवडले.

लोभ असू दे, मी उत्तराला उशीर केला तरी.

तुझा
मोतीलाल


देवपूर, धुळे
दि. १९ जून २०२४

चि. मोतीलाल यास,
आक्काचे आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि.

पत्र वाचलं. दाजींना सगळं वाचून दाखवलं नाही, अर्धंच दाखवलं. मग समोरच्या ताईबाईच्या घरी जाऊन चहा प्यायले आणि तिच्यापुढे रडून आले. तुझ्या वाटचंही रडून घेतलं.

आता एक प्रश्न विचारते, त्याचं खरं उत्तर दे. टेबलावर पडल्यावर तू कुठे बघत होतास?

मला माहीत आहे तू कुठे बघत होतास. आमच्या घरभरणीला आलास तेव्हा पंगत सोडून इन्व्हर्टरसमोर खुर्ची टाकून बसला होतास. दवाखान्यात आबांना सलाईन लावलं होतं तेव्हा त्यांच्याशी बोलायचं सोडून थेंब मोजत होतास, आणि सिस्टरला जाऊन सांगितलंस की तुमचा फ्लो कमी झालाय. आबा हसले होते. म्हणाले होते, याला माझ्यापेक्षा नळी जवळची. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. जित्याची खोडसुद्धा, पण ती म्हण मी या दिवसांत पुरी लिहीत नाही.

तुझा आकडा चढतो, तो तुला दिसतो, तू तो उतरवायला जातोस, उतरवता येत नाही, म्हणून तो आणखी चढतो. एवढं सोपं आहे. उगाच थोर होऊ नकोस. मी काल वृषालीला फोन करून सांगितलं की तुझ्या मामाला त्या मॉनिटरकडे बघू देऊ नका, डोळ्यांवर फडकं बांधा हवं तर. ती म्हणाली, फडक्यापेक्षा बरं काहीतरी आमच्याकडे आलं आहे, डॉक्टरांना विचारते. काय आलं आहे ते तिने गडबडीत सांगितलं, मला कळलं नाही.

मला तिथे यायचं आहे. पण दाजींना कूस बदलायलासुद्धा दुसरं माणूस लागतं आणि सून माहेरी बाळंतपणाला गेली आहे. मी इथे बसून काय काय डोळ्यांपुढे आणते ते तुला सांगत नाही.

जीव सांभाळ. तो तुझ्या एकट्याचा आहे असं समजू नकोस.

तुझी
आक्का


जळगाव
दि. २२ जून २०२४

ति. आक्कास,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझं बरोबर आहे. मॉनिटर माझ्या डाव्या हाताला होता. आकडा एकशे साठ झाला तेव्हा वाटलं, लोड वाढतोय. एकशे ऐंशीला मी पॅनेलवर असतो तर बटणाकडे हात गेला असता. पण हात पट्ट्याने बांधलेले. डॉक्टर आपसांत बोलत होते. मीटर लाल झाला आहे आणि पाळीवरचं कुणीच काही करत नाही, हे मला बघवेना. त्यांना याची सवय असते हे नंतर लक्षात आलं.

मॅडमना हे सांगितलं तर त्या हसल्या. मॉनिटर फिरवून ठेवू म्हणाल्या. मी म्हटलं, फिरवलात तर मी मान वळवीन. खोटं कशाला बोला. मग वृषालीने ते नवीन खोकं आणलं.

खोकं म्हणजे पाणबुड्यांचा असतो तसा जाडजूड चष्मा. डोळ्यांवर बसवून मागून पट्टा आवळायचा. आत चित्रं दिसतात, आणि मान वळवाल तिकडचं दिसतं. वर बघितलं तर आभाळ, मागे बघितलं तर मागचं. रोग्याचं लक्ष टेबलावरून दुसरीकडे जावं म्हणून आहे. व्हीआर म्हणतात. सोबत कानावर लावायचे हेडफोन आहेत. त्यात एक बाई श्वास घ्या, सोडा सांगते म्हणे. ते माझ्याही कानावर अगदी नीट बसवले. मी बसवू दिले.

वॉर्डातच तालीम झाली. आधी समुद्र लावला, मला मळमळलं. मग बर्फाचा डोंगर, तो ठीक होता. जंगल दिवालीबाईंना लावलं होतं, त्यांची गंमत सांगतो. सगळ्यांना वाटलं जंगलातली बाई आहे, तिला जंगल बघून बरं वाटेल. तिने दोन मिनिटांत खोकं ओढून काढलं आणि अंगाला घाम. वृषालीने विचारलं तर म्हणाली, त्या रानात माणूस नाही, बकरी नाही, पाखरू ओरडत नाही, एवढं रान चिडीचूप म्हणजे जवळ वाघ बसलेला आहे, आणि तुम्ही मला मोडक्या पायाने तिथे सोडलंत. आता तिच्यासाठी बाजाराचं चित्र मिळतं का ते शोधत आहेत. सगळा वॉर्ड हसला. मीही हसलो असणार, कारण वृषाली माझ्याकडे बघून खूश झाली.

मला कोणतं आवडलं असं विचारलं. मला सगळं सारखंच. शेवटी वृषालीने होडी निवडली, ती सगळ्यात जास्त वेळ चालते म्हणून. केरळकडची असावी. दोन्ही बाजूंना माड आणि मधून पाणी. तालमीत मात्र माझा रक्तदाब उतरला नाही. कारण चित्राच्या वरच्या कोपऱ्यात त्या खोक्याच्या बॅटरीचा आकडा दिसतो, आणि मी तोच बघत बसलो. संपूर्ण वेळ. वृषालीला सांगितलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. आता तो आकडा घालवायची काहीतरी युक्ती केली आहे.

मंगळवारी सकाळी घेणार आहेत. हा शेवटचा प्रयत्न, मग सर्जन थांबणार नाहीत. रक्तदाब चढला तरी जोखीम घेऊन करतील, आणि ती जोखीम काय आहे तेही त्यांनी लिहून दाखवलं. मी वाचून कागद परत दिला.

मला अजूनही काही वाटत नाही. हे तुला कळवतो, कारण तू खरं लिही म्हणालीस.

लोभ ठेवशीलच, तू ठेवतेसच.

तुझा
मोतीलाल


देवपूर, धुळे
दि. २३ जून २०२४

चि. मोतीलाल यास,
आक्काचे आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि.

बॅटरीचा आकडा वाचून मी हसले आणि हसता हसता मला राग आला. अरे बाबा, समुद्र दिला, डोंगर दिला, होडी दिली, आणि तू कोपऱ्यात मीटर शोधून काढलास. आई म्हणायची ते खरं, नाकापेक्षा मोती जड.

हे पत्र बन्सीलाल उद्या संध्याकाळी देईल, म्हणजे तुला ऑपरेशनच्या आधी मिळेल. म्हणून यात बिबड्यांचं, पाण्याचं, दाजींच्या औषधांचं काही लिहीत नाही. जे लिहायचं तेच लिहिते.

कोकिळेला नेलं त्या दिवशी मी तुला बघत होते. अंगणात माणसं जमली होती, बायका आत रडत होत्या, आणि तू मांडवात दिव्याला वायर कुठून ओढायची ते बघत होतास. कुणाला पाणी मिळालं, कुणाला नाही, खुर्च्या किती कमी पडल्या, सगळं बघितलंस. लोक म्हणाले, मोतीलाल खंबीर माणूस. मला ते बिलकूल बरं वाटलं नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशीही तेच. भन्तेजी बोलत होते आणि तू माईकची वायर धरून उभा. तेव्हापासून तुझी सगळी पत्रं तशीच येतात. सगळं ठीक, सगळं चालू.

तुला वाटतं तुला काही वाटत नाही. मला तसं वाटत नाही. तुझ्या अंगाला वाटतं, म्हणून तर ते टेबलावर असं उसळतं. तुझ्यापर्यंत मात्र ते पोचत नाही. मी डॉक्टर नाही, मी चाळीस पोरांना बाराखडी शिकवत म्हातारी झालेली बाई आहे. पण तुला मी कडेवर घेऊन फिरवलं आहे, एवढा माझा अधिकार आहे.

मंगळवारी त्या होडीत बस. कुठे काही बिघडलं तर बघायला माणसं आहेत, पगार घेतात ती. तू नुसता बस. होडी बुडाली तरी बुडू दे.

आणि परत ये. मला दुसरा भाऊ नाही.

तुझी
आक्का


जळगाव
दि. २६ जून २०२४

ति. आईस,
वृषालीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

ऑपरेशन झाल्याचं मी काल फोनवर सांगितलंच. मी पत्र लिहीन असं तुला वाटलं नसेल. पण वॉर्डात फोनवर बोललं की सगळे ऐकतात, आणि हे सगळ्यांनी ऐकण्यासारखं नाही. म्हणून तुमच्या भावाबहिणीच्या रीतीने लिहिते.

मामाच्या पायाचा पुढचा भाग काढला, टाच वाचली. रक्त फार गेलं नाही. चष्मा मी स्वतः बसवला आणि डोक्यापाशी उभी राहिले. पट्टा आवळला तेव्हा रक्तदाब एकशे नव्वद होता. मॅडमनी सगळी औषधं हाताशी काढून ठेवली होती. कमरेत इंजेक्शन दिलं, आडवं केलं, होडी चालू केली. थोडा वेळ काही फरक नाही. मग आकडा हळूहळू उतरत गेला आणि उतरलेलाच राहिला. सर्जनचं काम संपेपर्यंत तो जागचा हलला नाही. मॅडम म्हणाल्या, एवढा छान परिणाम इथे कुणावर झालेला नाही.

मध्येच एकदा मामाची छाती हलायला लागली. मला वाटलं श्वासाचा त्रास होतो आहे. ऑक्सिजन बघितला तर तो चांगला होता. मी हातावर बोटाने लिहून विचारलं, बंद करू का. त्याने मान हलवून नको म्हटलं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं आणि बघून न बघितल्यासारखं केलं.

नंतर चष्मा पुसून ठेवायचं काम माझंच असतं. त्याला आतून डोळ्यांभोवती स्पंजची कड आहे. ती पिळावी एवढी ओली होती. दुसऱ्या सिस्टरने विचारलं, घाम का गं एवढा. मी हो म्हटलं. पण आई, थिएटरमधला एसी किती थंड असतो, मलाच स्वेटर घालावा लागतो.

मामा काल दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून होता. आज सकाळी कागद मागितला, दिला आहे. लिहितो आणि थांबतो. मी विचारलेलं नाही. तुला काही लिहिलं तर मला सांगू नकोस, मला कळलं आहे तेवढं पुरे.

बाबांना जयभीम. माझ्यावरचा लोभ आहे तसा राहू दे, मी फोन कमी करते तरी.

तुझी
वृषाली


जळगाव
दि. २८ जून २०२४

ति. आक्कास,
सविनय जयभीम. वि. वि.

हे पत्र पुन्हा पुन्हा लिहून फाडलं आहे, म्हणून उशीर झाला. बन्सीलाल परवा येऊन रिकाम्या हाताने गेला.

पाय गेला तेव्हा कळलं नाही. नुसती ओढाताण कळत होती, कुणी शेजारची गोणी ओढावी तशी. मी होडीत होतो. आधी सवयीने काय काय आहे ते बघून घेतलं. आकडा काढून टाकला होता. मागे वळून बघितलं, होडी चालवणारा दिसेना. इंजिनही दिसेना. कुठे काटा नाही, दिवा नाही, बटण नाही. बघायचं काही शिल्लकच नव्हतं. मग पुढे बघत बसलो.

समोर एक बाक होतं. रिकामं होतं. रोग्याला मोकळं वाटावं म्हणून चित्र काढणाऱ्यांनी कुणाला बसवलं नसेल. पाणी होतं, माड होते, आणि माझ्यासमोर ते रिकामं बाक. कोकिळा तिथे बसली असती. पाय वर घेऊन, पदर आवळून, कारण तिला पाण्याची भीती. होडीवाल्याने किती घेतले ते तिने दोनदा विचारलं असतं आणि तुम्हाला सगळे फसवतात म्हणाली असती. मला ऐकू येत नाही म्हणून ती ओठ मोठे करून बोलायची, लोक बघतात याची तिला लाज नव्हती. तशी बोलली असती. नंतर डबा उघडला असता. होडी पुढे पुढे जात होती आणि ती काही आली नाही. चित्र जेवढा वेळ चाललं तेवढा वेळ ती आली नाही.

ती गेली हे मला माहीत होतं. मी सगळं केलं होतं, वायर ओढली होती, खुर्च्या परत पाठवल्या होत्या. पण ती आता येणार नाही हे मला त्या होडीत कळलं. मी रडलो, आक्का. हात बांधलेले होते, पुसता आलं नाही. खोक्याच्या आत कुणाला काही दिसत नव्हतं, म्हणून पुसायची गरजही नव्हती. वृषालीने हातावर काहीतरी विचारलं, मी नको म्हटलं. ती थांबली. पोरगी शहाणी आहे.

पाय दुखत नाही. जखम चांगली आहे म्हणतात. मी मात्र आता चांगला नाही. सकाळी चहा पिताना रडतो, डबा आला की रडतो. दिवालीबाई बघतात. त्यांनी एकदा काठीने माझ्या खाटेला टोचून विचारलं, कोण गेलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, मग रड. रात्री झोप लागते.

एक काम माझ्याकडून राहिलं आहे. आपल्याकडे कुणी गेलं की घरच्या माणसाने आपल्या हाताने पत्र लिहून कळवायचं असतं. आबा गेले तेव्हा मी तुला लिहिलं, आई गेली तेव्हाही मीच लिहिलं. या वेळी तुला आकाशचा फोन आला, तू लगेच आलीस, आणि मी लिहिलंच नाही. आता लिहितो.

आक्का, कोकिळा गेली. तापाने गेली, पहाटेच्या सुमाराला. मी जवळ होतो. शेवटी ती मला काहीतरी सांगत होती, नेहमीसारखं ओठ मोठे करून. पण तेवढा जोर तिच्यात राहिला नव्हता, ओठ नीट हलले नाहीत, आणि मला ते वाचता आलं नाही. मी मान हलवली, समजलं म्हणून. तिला ते खरं वाटलं असेल असं मी धरून चाललो आहे.

सून आली की दाजींना तिच्या हवाली करून चार दिवस ये. कोकिळेचं बोलणं तुलाही चांगलं ठाऊक होतं. ती काय म्हणाली असेल, ते आपण दोघं बसून शोधू.

वाट बघतो.

तुझा
मोतीलाल